उरलेल्याचा अठरावा वाटा

बेस गिटार मी आवडीने निवडली असं म्हणता येणार नाही. ती माझ्या वाट्याला आली. भंडाऱ्यात निरनिराळ्या कचेऱ्यांमधले आम्ही पाच-सहा गाण्याचे शौकीन होतो आणि आमचा एक छोटासा ऑर्केस्ट्रा होता. अकॉर्डियन वाजवणारे एका शाळेत मास्तर होते, काँगो पोस्टातल्या एकाकडे होता आणि साधी गिटार एका कंपाउंडरकडे. मी सरकारी कचेरीत कारकून. मला गाता येत नव्हतं, पण ताल चुकत नसे. एकदा तालमीनंतर मास्तर मला म्हणाले, "आपल्या गाण्याले बूड नाही. सगळं हवेत तरंगते. तू बेस घे. चारच तारा असतात."

चारच तारा, एवढ्यावर मी भुललो.

आणीबाणी उठून वर्षभर झालं असेल. माझं गाव जवळचंच शहापूर, पण लग्नानंतर आम्ही दोघं भंडाऱ्यात दोन खोल्यांत राहत होतो. बायको लाखांदूरकडच्या एका खेड्यातली, सुताराची मुलगी. एका रविवारी तिला घेऊन मी नागपूरला गेलो. सीताबर्डीवर वाद्यांच्या एका दुकानात दोन बेस गिटारी टांगल्या होत्या. एक लालभडक, तीन चकचकीत बटणांची. दुसरी तपकिरी, एकच बटण, आणि तेही जरा सैल.

दुकानदाराने लाल गिटार काढून माझ्या गळ्यात अडकवली. समोर आरसा होता. त्या आरशात मी स्वतःला पाहिलं आणि निवड तिथेच झाली.

बायकोने मात्र ती माझ्या गळ्यातून काढून घेतली. एक डोळा मिटला, गिटारचं बूड दुसऱ्या डोळ्याजवळ धरलं आणि मानेच्या टोकापर्यंत नजर लावली. तिचे वडील बंडीची, म्हणजे बैलगाडीची, दांडी अशीच पाहत. मग तिने तपकिरी गिटारही तशीच पाहिली.

"हे लाल वाकली हाय," ती म्हणाली.

"गिटारची मान थोडी वाकलेलीच असते," मी म्हणालो. मला यातलं काहीएक माहीत नव्हतं.

"मंग थे तपकिरी काहून सरळ हाय?"

दुकानदार हसला. "वहिनी, हाच माल बंबईच्या पार्ट्यांत चालून राहिला."

मी लाल गिटार घेतली. परतीच्या एसटीत ती मांडीवर उभी धरून बसलो. बायको खिडकीतून बाहेर पाहत होती. तिने पुन्हा तो विषय काढला नाही, आणि तेच मला जास्त लागलं.

घरी अॅम्प्लिफायर नव्हता. पण आमच्या लाकडी रेडिओच्या पाठीमागे रेकॉर्ड प्लेअर जोडायची दोन भोकं होती. कंपाउंडर मित्राने वायर बनवून दिली आणि गिटार रेडिओतून वाजू लागली. आवाज फार मोठा नसे, पण मांडणीवरची भांडी किणकिणत. शेजारच्या काकूंनी दारात येऊन विचारलं, "तुमच्या रेडिओले का झालं जी? हंबरून राहिला."

हळूहळू हात बसला. गिटारची काळजी कशी घ्यायची हे सांगणारं भंडाऱ्यात कोणी नव्हतं, म्हणून जो जे सांगेल ते करत गेलो. वाजवून झालं की तारा सुक्या फडक्याने पुसायच्या. रात्री खुंट्या अर्ध्या फेऱ्याने सैल सोडायच्या. तारा मेल्या, म्हणजे त्यांचा आवाज बसका होऊ लागला, की काढून धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात उकळायच्या. नवीन तारा नागपूरलाच मिळत आणि तिथेही नेहमी मिळतीलच असं नसे. उकळल्या की त्या आठ-दहा दिवस पुन्हा बोलत. पहिल्यांदा त्या मी भाताच्या पातेल्यात उकळल्या. बायकोने ते पातेलं राखेने तीनदा घासलं आणि मग सरळ माझ्या हातात दिलं. "हे आता तुमच्या गिटारचं."

कार्यक्रम गणपतीत, शारदोत्सवात, कधी लग्नात असत. तिथे लाउडस्पीकर म्हणजे खांबाला बांधलेले भोंगे. भोंग्यातून बेसचा आवाज निघतच नाही. अकॉर्डियन आणि गाणारा दूरवर ऐकू जात, मी मात्र वाजवतो की नुसता उभा आहे हे समोरच्या रांगेलाही कळत नसे. तरी मजा येत होती. माझा आवाज मला पायाखालच्या फळीतून कळे.

दुसऱ्या वर्षी, धानाचे रोवणे आटोपले तरी हवेतली ओल काही हटेना. त्या ओलीने गिटारची मान वाकू लागली. मानेवर आडव्या बसवलेल्या धातूच्या पट्ट्यांना पडदे म्हणतात. तार त्या पडद्यांपासून थोडीशीच वर असायला हवी. माझ्या गिटारवर ती इतकी उचलली गेली की खालून करंगळी जावी. तार दाबता दाबता बोटांची सालटं निघाली. मी तारांना टेकू देणारी घोडी खाली केली, उन्हात ठेवून पाहिली आणि शेवटी मानेवर घरचा पाटा ठेवला. तीन दिवस घरात चटणी झाली नाही. चौथ्या दिवशी पाटा उचलला तर मान होती तशीच, शिवाय मुळाशी एक बारीक तडा.

"बाबूजीले दाखवू," बायको म्हणाली.

मला ते नको होतं. सासरे नांगर, वखर, बंड्या बनवणारे. पंचक्रोशीत त्यांच्या हाताला मान होता. कामापुरतं बोलत. जावई सरकारी नोकरीत आहे याचं त्यांना बरं वाटत असे, पण तो गळ्यात बाजा अडकवून मांडवात उभा राहतो हे त्यांना कसं वाटतं ते मी कधी विचारलं नव्हतं. पण दुसरा उपायही नव्हता. आम्ही गिटार गोधडीत गुंडाळली आणि लाखांदूरची एसटी पकडली.

सासऱ्यांनी अंगणात बाजेवर बसून ती उघडली. लाल रंगाकडे त्यांनी पाहिलंही नाही. मान खोलली, पटाशीने मागून एक छिलका काढला आणि नाकाला लावला.

"जवाईबापू, हे लाकूड सुकलंच नाई. ओल्या लाकडाले रंग मारून इकलं तुमाले."

बायको आत पाणी आणायला गेली होती. तिने हे ऐकलं, पण बाहेर आल्यावर माझ्याकडे पाहिलं नाही. त्याबद्दल मी तिचा आजही आभारी आहे.

"सरळ होईल का, मामाजी?"

"सरळ केलं तरी पुन्हा वाकन. नवीन बनवून देतो. बिज्याचं लाकूड हाय माझ्यापाशी, जुन्या बंडीच्या दांडीचं. तीस वर्सं ऊन-पानी खाल्लं त्यानं. आता त्याले कुठं वाकाचं?"

मान चार स्क्रूंनी बसवलेली असते, तेव्हा नवीन करता येण्यासारखी होती. लांबी-रुंदी तेवढीच ठेवा, एवढंच मी सांगितलं. पडद्यांसाठी भंडाऱ्याच्या एका पितळी भांडीवाल्याकडून पितळेच्या पट्ट्या कापून आणून दिल्या. दिवाळीनंतर या, असं ते म्हणाले.

दिवाळीनंतर आम्ही गेलो. त्यांनी गिटार धुतलेल्या धोतराच्या तुकड्यात गुंडाळून ठेवली होती. मान पाहून मी थक्क झालो. बिज्याच्या लाकडाचा तो मधासारखा रंग, मागची गोलाई हाताला साबणासारखी, पितळेचे पडदे दोन्ही टोकांना घासून मऊ केलेले. मान आधीच्यापेक्षा जाड होती, वजनही वाढलं होतं, पण दुकानातल्या कुठल्याही गिटारीपेक्षा ती सुंदर होती.

मग सासरे काटकोन तपासायचा गुण्या घेऊन माझ्याशेजारी बसले. त्या दिवशी ते नेहमीपेक्षा जास्त बोलले.

"आधीच्या कारागिरानं अंतर चुकवलं होतं. वरतं मोकळं मोकळं, आन् खाली येता येता दाटी. पहिलेच हिशोब केला नसन, मंग जागा पुरली नाई. मी सारखं करून देलं. पाहा, कुठंबी मोजा."

मी पाहिलं. वीसच्या वीस पडदे अगदी सारख्या अंतरावर होते.

गिटारचे पडदे जसजसे खाली बुडाकडे जातात तसतसे जवळ येतात. तसंच असावं लागतं, नाहीतर सूर लागत नाहीत. सासऱ्यांनी आयुष्यात पहिल्यांदा असं वाद्य हातात घेतलं होतं आणि त्यांच्या नजरेला जी चूक वाटली ती त्यांनी निगुतीने दुरुस्त केली होती. ते माझ्या तोंडाकडे पाहत होते.

"फार छान झालं, मामाजी," मी म्हणालो.

परतीच्या वाटेवर बायकोने विचारलं, "थे खाली दाटच असते ना?"

"हो."

"मंग सांगतलं काहून नाई?"

आधी मीच त्यांना सांगायला हवं होतं की अंतराला हात लावू नका. ते मला सुचलं नव्हतं, कारण अंतराचाही काही नियम असतो याचा मी कधी विचारच केला नव्हता. दोन वर्षं मी फक्त बोटं ठेवत आलो होतो.

घरी तारा चढवल्या. पहिल्याच पडद्यापासून सूर उतरलेला. पाचव्यावर तर भलतंच काही वाजत होतं. फक्त अगदी शेवटचा पडदा जागेवर होता, आणि तिथे कोणी बेस वाजवत नाही. मी गिटार कपाटावर ठेवली. जुनी मान तड्यामुळे गेलेली. मित्रांनी विचारलं की सांगायचो, तारा मिळत नाहीत.

पण हिवाळ्यात मास्तरांच्या शाळेचं स्नेहसंमेलन आलं आणि तिथे आमचा कार्यक्रम ठरला, दुपारी, मैदानावर. मास्तरांना नाही म्हणता येईना. मी एक युक्ती काढली. पडद्यांना हातच लावायचा नाही, नुसत्या मोकळ्या तारा वाजवायच्या आणि दोन गाण्यांच्या मधे खुंट्या पिळून त्या पुढच्या गाण्याला जुळवून घ्यायच्या. घरी करून पाहिलं, जमत होतं.

त्या दिवशी नेमके शाळेने भोंगे आणलेच नव्हते. नागपूरहून कोणाच्या ओळखीने मोठ्या तोंडाचे दोन लाकडी स्पीकर आले होते. दीड-दोन वर्षांत पहिल्यांदाच माझा बेस सगळ्या मैदानाला ऐकू येणार होता. पहिलं गाणं निभावलं. पुढच्या रांगेतली पोरं पोटावर हात ठेवून हसत होती, आवाज त्यांच्या पोटात वाजत होता. दुसऱ्या गाण्याच्या अंतऱ्यात मी रंगलो आणि सवयीने डाव्या हाताचं बोट पडद्यावर गेलं. असा बेसूर निघाला की गाणारा थांबला. मास्तरांनी अकॉर्डियन तसंच चालू ठेवलं, गाणं पुन्हा उचललं गेलं, पण मैदानभर हशा पिकला होता. उरलेला कार्यक्रम मी एकाच तारेवर काढला.

कार्यक्रम संपल्यावर मास्तर जवळ आले. रागावले नाहीत. गिटारची मान पाहिली, बोटाने पडद्यांमधली अंतरं चाचपली आणि विचारलं, "हे कोणी केलं?"

"सासऱ्यांनी."

"सुंदर केलं," ते म्हणाले, आणि मग दोघांनाही हसू आलं. पण घरी येईपर्यंत माझं हसू ओसरलं होतं.

मला न विचारता बायकोने वडिलांना पत्र लिहिलं. काय लिहिलं ते नंतर कळलं: पडदे सारखे नसतात, खाली दाट असतात, यांनी हे तुम्हाला सांगितलं नाही, कारण तुम्हाला वाईट वाटेल. मी तिच्यावर चिडलो. म्हणालो, म्हाताऱ्या माणसाला कशाला दुखवायचं?

"तुमी त्याईले दुखवून नाई राहिले. तुमी त्याईले येडं समजून राहिले," ती म्हणाली.

चौथ्या-पाचव्या दिवशी रविवार होता. सकाळी पहिल्या एसटीने सासरे आले. खांद्यावर हत्यारांची पिशवी. घरात आले ते पाणीही न घेता म्हणाले, "कुठं हाय थे?"

मी गिटार काढून दिली. ते खाली सतरंजीवर बसले.

"मले सांगाचं ना जी. मी का राग धरतो? काम चुकलं तं चुकलं. पन चुकीचं काम माझ्या हातचं म्हून चार लोकांत फिरून राहिलं, हे बरं का?"

मी मान खाली घातली. त्यांनी ते पाहिलं न पाहिल्यासारखं केलं.

"आता मले सांगा, खाली दाट काहून?"

मला ते सांगता येईना. लेकीकडे वळून ते म्हणाले, "एक फळी दे वो."

तिने पोळपाटाच्या मागची लांब फळी दिली. सासऱ्यांनी तिच्या दोन्ही टोकांना खिळे ठोकले आणि गिटारची एक तार ताणून बसवली. तारेखाली पटाशी आडवी धरून ती हळूहळू सरकवायची आणि प्रत्येक जागी तार छेडायची, असं सुरू झालं. बायको ऐकत होती. एका ठिकाणी ती म्हणाली, "थांबा. हे थोच आवाज हाय, पन वरतं." मोजलं तर तारेचा बरोबर मध्य. सासऱ्यांनी तिथे पेन्सिलीने खूण केली आणि ते त्या खुणेकडे बराच वेळ पाहत राहिले. अर्ध्या तारेत पूर्ण तारेचाच आवाज, ही गोष्ट त्यांना फार आवडली.

मधले अकरा सूर आमच्या कोणाच्याच कानांनी नेमके सापडेनात. मी सायकल घेऊन मास्तरांना बोलावून आणलं. ते अकॉर्डियन घेऊन आले. ते एक पट्टी दाबून धरत, सासरे पटाशी सरकवत, दोन्ही आवाज एक झाले की बायको "हां" म्हणे आणि मी खूण करी. दोन-तीनदा मास्तरांचं आणि तिचं जमलं नाही. पुन्हा वाजवून पाहिलं तेव्हा दोनदा तिचं बरोबर निघालं. मास्तर म्हणाले, "वहिनी, तुम्ही ऑर्केस्ट्रात पाहिजे होत्या." तिने पदर तोंडावर घेतला, पण कान तारेवरच ठेवले.

जेवणं झाली. सासरे जेवतानाही फळीकडे पाहत होते. हात धुऊन आले आणि कागदाची एक लांब पट्टी कापून घेऊन खुणांवर लावत बसले. मास्तर आणि मी सुपारी कातरत गप्पा मारत होतो. बऱ्याच वेळाने सासरे बोलले.

"उरलेल्याचा वाटा हाय हा."

"म्हणजे?" मास्तरांनी विचारलं.

"पूर्ण तारेचे अठरा वाटे करा. त्यातला एक पहिल्या पडद्याले देला. आता जे तार उरली, तिचे पुन्हा अठरा. त्यातला एक दुसऱ्याले. दरवेळी जे उरलं त्याचाच अठरावा वाटा. तार कमी होऊन राहिली, म्हून वाटाबी कमी होऊन राहिला. दाटी नाई हे. बरोबर वाटनी हाय."

मास्तरांनी कागद-पेन्सिल घेऊन आकडेमोड केली. बारा वाटे काढल्यावर मध्य यायला हवा होता. तो जवळजवळ आला, अर्ध्या तांदळाएवढा कमी. सासऱ्यांना तेवढंही चालेना. "अठरापेक्षा जरासक कमी धरा," ते म्हणाले, आणि तो अर्धा तांदूळ त्यांनी बाराही वाट्यांत थोडा थोडा मुरवला. आकड्यांनी नाही, कागदाची पट्टी ओढून आणि डोळ्यांनी.

ते दोन दिवस राहिले. जुन्या खाचांत बिज्याच्या चिपा सरसाने बसवून घासल्या आणि नवीन खाचा पाडल्या. चिपांच्या फिकट रेषा तशाच दिसत राहिल्या. मी म्हणालो, रंग मारून झाकता येतील. ते म्हणाले, "राहू द्या. दिसू द्या." मंगळवारी संध्याकाळी तारा चढवल्या. मी खालून वर एकेक पडदा वाजवत गेलो. सगळे सूर जागेवर होते. सासऱ्यांनी हत्यारं पुसून पिशवीत भरली आणि मग चहा मागितला.

पुढची सात-आठ वर्षं मी ती गिटार कार्यक्रमांत वाजवली. जाड मानेमुळे हात भरून यायचा, पण ती कधी वाकली नाही. सासरे वर्षातून एकदा, धान निघाल्यावर, येत तेव्हा पडदे तपासून झिजलेले कानशीने सारखे करत. गाण्यात त्यांना गोडी वाटल्याचं मी कधी पाहिलं नाही. पण लाखांदूरकडच्या एका भजनी मंडळाने दुरुस्तीला दिलेलं एक तंतुवाद्य त्यांनी नीट करून दिलं, आणि तो वाटणीचा कागद ते हत्यारांच्या पिशवीतच ठेवत, असं बायको सांगत असे.

नंतर कीबोर्ड आले. एकच माणूस डाव्या हाताने बेस आणि उजव्याने चाल वाजवू लागला. मास्तरांची बदली झाली आणि आमचा ऑर्केस्ट्रा कोणी न मोडता मोडला.

एके दिवशी कचेरीतून दुपारीच सुट्टी मिळाली. गल्लीत शिरलो तर घरातून बेसचा आवाज येत होता. हळू, अडखळत, पण सुरात. मी दारात उभा राहिलो. बायको सतरंजीवर पाय पसरून बसली होती, गिटार मांडीवर आडवी घेऊन. मला पाहताच तिने ती बाजूला ठेवली.

"थांबवलं काहून?" मी विचारलं.

"तांदूळ निवडाचे राहिले."

"राहू दे तांदूळ."

तिने गिटार पुन्हा मांडीवर ओढली. दोनच तारा वाजवत होती. तिसरी तार थोडी उतरली होती, ती मी तिच्याशेजारी बसून जुळवून दिली.